भंगार कुणाचे, घर कुणाचे?

मंगळूरी कौले कशी ठेवायची ते मी सासूबाईंकडून शिकले. एकावर एक आडवी रचली की खालची फुटतात. म्हणून ती कडेवर उभी करून, एकमेकींना टेकवून ठेवायची. जुने वासे आणि रिपा जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत, खाली चिरे घालायचे, नाहीतर वाळवी लागते. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावायचे. ढीग भिंतीलगत नको, त्यात विंचूकाटा असतो. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे. आणि दरवर्षी मिरगाच्या आधी सगळे उपसून पुन्हा रचायचे.

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या परसात असा ढीग वीस वर्षे होता. गोठा मोडला तेव्हाची कौले, पडवी उतरवली तेव्हाचे वासे, दोन सागवानी दरवाजे. घरातले पुरुष त्याला ‘आईचे भंगार’ म्हणत. मीही हसले आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमचे निम्मे छप्पर उडाले. पाऊस तोंडावर, टाळेबंदी चालू, कौले-पत्रे कुठे मिळेनात. सासूबाईंच्या ढिगातून आमचे घर आठ दिवसांत पुन्हा शाकारले गेले. शेजारची माणसे ताडपत्रीखाली पावसाळा काढत होती. गावभर सासूबाईंचे कौतुक झाले.

पण पंचनामा झाला तेव्हा त्यांना कुणी काही विचारले नाही. घर अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. वारस नोंद कुणी केलेलीच नव्हती. अर्ज थोरल्या दिरांनी केला, मदत त्यांच्या खात्यात जमा झाली. पुढच्या वर्षी त्यांनीच टेम्पो बोलावून उरलेले वासे आणि ते दोन्ही दरवाजे विकून टाकले. सासूबाई म्हणाल्या, “अरे, विचारायचं तरी!” उत्तर आले, “भंगारच तर होतं.” त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

मैत्रिणींनो, बाईने जपलेली वस्तू अडीअडचणीला घरच्यांची होते आणि विकताना भंगार होते. दोन्ही वेळा ती तिची नसते. ‘बाई काटकसरी’ हे कौतुक मला म्हणूनच टोचते. निवडणे, वाहणे, रचणे, जपणे हे श्रम आहेत, त्यात कौशल्य आहे आणि त्यातून उभी राहते ती मालमत्ता आहे. सोने आणि भांडी यांच्यासाठी आपण स्त्रीधनाचा मुद्दा लावून धरला. परसातल्या वाशांकडे आणि कौलांकडे मात्र आपलेही लक्ष गेले नाही.

कायदा अगदीच आपल्या विरोधात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलाइतकाच वाटा आहे. २००३ साली महाराष्ट्राच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून गावातल्या घरांची नोंद पतीपत्नी दोघांच्या नावे करण्यास सांगितले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली ही नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे खरे. पण पंचनाम्याला आलेला माणूस आधी तोच उतारा मागतो. सासूबाईंचे नाव त्यावर असते, तर निदान त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाणे सोपे झाले नसते.

कुणी म्हणेल, चार वाशांवरून घरात भांडण कशाला? भांडण वाशांचे नाहीच. ज्या बाईला स्वतःचे दरवाजे ठेवायचे की विकायचे हे ठरवता येत नाही, तिला त्या दाराबाहेर काढणेही अवघड जात नाही. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या किती बायका हेच सांगतात!

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत आपापले नमुना ८ चे उतारे आणावेत आणि कुणाचे नाव आहे ते मोठ्याने वाचावे. नाव नसेल तिथे एकटीला न पाठवता सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा. नवरा गेलेल्या बाईची वारस नोंद तातडीने करून घ्यावी. आणि मिरगाआधी ढीग उपसायला घरातल्या पुरुषांनाही उभे करावे. हाताला ओझे लागले, की ‘भंगार’ म्हणताना जीभ जरा अडखळेल.

सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवा मोरीची भिंत पाडली, तर त्यांनी चिरे मोजून बाजूला लावायला सांगितले. या वेळी उताऱ्यावर त्यांचे नाव चढले आहे.