गावनकाशातल्या वाटा

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यात एक आकडा लहानथोरांना तोंडपाठ असतो. कारध्याला वैनगंगेचे पाणी २४५.५० मीटरवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली, आणि मग शहरातल्या सखल वस्त्यांपासून थेट पवनीपर्यंत सगळ्यांचा जीव नदीत अडकतो. २०२०च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी खाली आले तेव्हा या नदीने भंडाऱ्यात काय केले, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. पण पूर ओसरला की नदीही नजरेआड होते. उरलेले वर्ष ती महामार्गावरून जाताना पुलाच्या कठड्याआडून मिनिटभर दिसते तेवढीच. जी नदी शहराला पाणी पाजते, तिच्याशी आपली ओळख फक्त संकटकाळची राहावी, ही स्थिती आम्हाला बरी वाटत नाही. आमचे म्हणणे असे की, कारध्यासारख्या गावाला निसर्गाची वाण नाही. वाण आहे ती त्याच्यापर्यंत पायी नेणाऱ्या, सर्वांना मोकळ्या असलेल्या वाटांची. त्या वाटा बहुतेक ठिकाणी नव्याने बांधायच्याही नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्या आहेत आणि कागदावरही आहेत. त्या आपण विसरलो आहोत, एवढेच.

वैनगंगेच्या पश्चिम काठावर भंडारा, पूर्व काठावर कारधा. गावाबाहेर पडले की धानाच्या बांध्या, त्यांचे धुरे, बोड्या, झुडपी जंगलाचे तुकडे आणि थोड्या थोड्या अंतरावर मामा तलाव. माजी मालगुजारी तलावांचे हे जाळे पूर्व विदर्भात पाहावे तितके थोडे. कोहळी समाजाच्या कसबी हातांनी आणि गोंड राजवटीच्या आश्रयाने उभे राहिलेले हे तलाव आजही धानाला पाणी देतात, धिवरांना मासळी देतात आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेल्या बदकांना आसरा देतात. मात्र ‘निसर्ग पाहायला जाऊ’ म्हटले की आपल्या मनात येते ते गेट, जिप्सी आणि तिकीट. कारध्यापासून थोड्याच अंतरावर कोका अभयारण्य आहे. ते २०१३ मध्ये जाहीर झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. या जंगलाचे मोल आम्ही जाणतो, तिथले कडक नियमही आम्हाला मान्य आहेत. पण सफारीचे जंगल हे वर्षातून एखाद्या वेळी, परवडेल त्याने, गाडीत बसून पाहायचे जंगल आहे. पावसाळ्यात ते बंदच असते. शाळेतल्या पोराने रोज जावे, म्हातारीने नातवाला बोट धरून न्यावे, असे ठिकाण म्हणजे तलावाची पाळ आणि नदीचा घाट. त्याचा हिशेब कोणत्याच खात्याच्या पर्यटन आराखड्यात नसतो.

इथेच कागदाचा प्रश्न येतो, आणि तो विदर्भासाठी फार महत्त्वाचा आहे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि गावाची पडीक जमीन, तलाव, वाटा सरकारकडे आल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली, तेव्हा या भागातला जुना निस्तार, म्हणजे गावाच्या जमिनीच्या वापराचा गावकऱ्यांचा हक्क, तिने मोडीत काढला नाही. कलम १६१ प्रमाणे प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक करायचे असते. बिनकब्जाच्या जमिनीची व्यवस्था, चराई, सरपण, माती, मुरूम अशा गोष्टी त्यात येतात. गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून ते पक्के करायचे असते, आणि ग्रामपंचायतीने मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्यातली नोंद बदलू शकतात. कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. खासगी जमिनीतून जाण्या-येण्याची वहिवाट, पाणी घेण्याचा आणि मासे धरण्याचा रिवाज त्यात लिहायचा असतो. सार्वजनिक रस्ते, पायवाटा, नद्या-नाल्यांची पात्रे, तलाव हे कलम २० प्रमाणे सरकारचे, म्हणजे कोणा एकाचे नव्हे. हे सगळे एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. नदीवर जाणारी गाडवाट, पाळीवरून पलीकडच्या टोलीवर उतरणारी पायवाट, ढोरांची पांदण ही कोणाची मेहेरबानी नाही. तो गावाचा लिहून ठेवण्याजोगा, पुष्कळदा लिहून ठेवलेला हक्क आहे. मात्र निस्तार पत्रक आज बाहेर निघते ते वाद कचेरीत गेल्यावर. गावातल्या किती जणांनी आपल्या गावचा तो कागद पाहिला आहे?

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यातच पायवाटांची नोंद करण्याचे बंधन घातले गेले. गावोगावच्या पंचायतींनी आपल्या शिवारातल्या वाटा चालून पाहिल्या, त्या नकाशावर चढल्या, आणि नकाशावर चढलेली वाट हा तिच्या हक्काचा पक्का पुरावा ठरला. त्या देशातले पायी फिरणे अजूनही याच नकाशांवर टिकून आहे. आपली परिस्थिती वेगळी आहे, जमिनीवरचा भार कितीतरी अधिक आहे, हे खरे. पण वाट आधी चालायची, मग नोंदवायची आणि मग राखायची, हा क्रम उचलण्यासारखा आहे. आपल्याकडे तर निस्तार पत्रक, गावनकाशा आणि २००२च्या जैवविविधता कायद्याखालची लोकजैवविविधता नोंदवही अशी तिन्ही साधने आधीच हाताशी आहेत.

लोक फिरू लागले की घाण होईल, पक्षी उडून जातील, असा पहिला आक्षेप येतो. तो खोटा नाही. पिकनिकच्या पत्रावळ्या आणि बाटल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण माणूस न फिरकलेला काठ शुद्ध राहतो, हा समज वैनगंगेने केव्हाच खोडून काढला आहे. जिथे दिवसा कोणी जात नाही तिथेच रात्री रेतीचे ट्रॅक्टर उतरतात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याने संथ झालेल्या पाण्यावर इकॉर्निया पसरतो. हे रोज पाहणारे डोळे नसले की त्याची तक्रार तरी कोण करणार? उलट बाजूचा दाखला अर्जुनी मोरगावच्या बाजूला आहे. तिथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी धिवरांच्या जुन्या जाणकारीवर विसंबून तलावांचे काम केले. बेशरम हे तण उपटून काढले, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी मासे व पक्षी परतण्याची वाट खुली झाली. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे कोणत्याही कुंपणाआड बसून कळले नसते. तलावावर रोज ये-जा असलेल्यांनाच ते ठाऊक होते.

दुसरा आक्षेप वाघ-बिबट्यांचा, आणि तो आम्ही अधिक गांभीर्याने घेतो. या जिल्ह्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचताना माणसे दगावली आहेत. म्हणून आम्ही जंगलात घुसा असे म्हणत नाही. आम्ही बोलतो आहोत ते वस्तीलगतच्या काठाबद्दल, पाळीबद्दल, शेतातल्या पांदणीबद्दल. तिथेही पहाटेची आणि तिन्हीसांजेची वेळ टाळणे, वनविभागाची सूचना पाळणे हे आलेच. बायाबापड्यांना एकटीदुकटीने सुनसान वाटेवर भीती वाटते, हेही खरे. त्यावर सोबतीने, वर्दळीने जेवढा उपाय होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. शेतकऱ्याच्या मनात आणखी एक धास्ती असते: वाट मान्य केली की धुरा जाईल. आमच्या मते नोंदलेली वाट शेतकऱ्याचेही रक्षण करते, कारण तिची रुंदी ठरते आणि तिच्याबाहेर पाय टाकणाऱ्याला थांबवता येते. भांडणे होतात ती मोजणी नसलेल्या वाटेवर.

उरला विकासाचा मुद्दा. गोसेखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटन येते आहे, आंभोऱ्याचा नवा पूल पाहायला गर्दी होते, आणि त्यातून चार पोरांना काम मिळाले तर कोणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. पण काठाला फरसबंदी केली, कुंपण घातले, तिकीट लावले म्हणजे नदी लोकांना मिळाली, असे होत नाही. धरणाचे पाणी वर चढले तेव्हा पात्रातल्या डांगरवाड्यांची जागा गेली आणि त्यावर जगणाऱ्यांचे काठाशी असलेले नातेही गेले. आता सुशोभीकरणाने उरलेले घाटही बंद होऊ नयेत. झुडपी जंगलाबाबत तर वेळ आणखी नाजूक आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातली झुडपी जंगले ही वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. शहाऐंशी हजार हेक्टरांहून अधिक जमिनीचा हा प्रश्न आहे. यापुढे तिची मोजणी, नोंदी, हद्दी होत राहतील. त्या वेळी त्या तुकड्यांतून जाणाऱ्या जुन्या पायवाटा गावाने दाखवल्या नाहीत, तर नव्या नकाशात त्या असणार नाहीत.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया सुरू होतील. दंडार आणि नाटकांच्या निमित्ताने माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी जातील, धान कापून झाल्यामुळे शिवार मोकळे होईल. वाटा चालून पाहायला याहून सोयीचे दिवस नाहीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अजून वेळ आहे. तोवर कारध्याने आणि आजूबाजूच्या गावांनी तलाठ्याकडून गावनकाशा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मागवाव्यात. गुराखी, धिवर आणि शाळेच्या गुरुजींना सोबत घेऊन नदीपर्यंतची, तलावांपर्यंतची प्रत्येक वाट चालावी. कुठे काटेरी कुंपण आले, कुठे नांगर फिरला, कुठे घाट खचला ते लिहावे. आणि ती यादी ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.