जीभ हवी, कान नकोत

अरब जनतेशी बोलायचे तर अरबीतच बोलावे लागेल, हे वॉशिंग्टनला २००१ साली प्रकर्षाने उमगले. त्या नोव्हेंबरात कतारच्या अल जझीरा वाहिनीने बिन लादेनची चित्रफीत दाखवली, तेव्हा तिला अरबीतून उत्तर देण्यासाठी क्रिस्टोफर रॉस या माजी राजदूतांना पुढे करण्यात आले. पुढच्या काळात अरबी बोलणारा प्रवक्ता ही अमेरिकी परराष्ट्र खात्याची गरजच होऊन बसली. अशा दोघांच्या कारकिर्दीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिले अल्बर्टो फर्नांडिस. जन्म क्युबातला, बालपणीच निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले, काही काळ लष्करात, १९८३ पासून परराष्ट्र सेवेत. इराक युद्ध पेटलेले असताना मध्यपूर्व विभागाच्या प्रसिद्धीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. अरबी वाहिन्यांवर त्यांनी शेकडो मुलाखती दिल्या. अबू गरीब तुरुंगातला छळ २००४ सालीच जगापुढे आला होता. अशा वेळी संतप्त श्रोत्यांसमोर, त्यांच्याच भाषेत, सरकारची बाजू मांडणे हे सोपे काम नव्हे.

ऑक्टोबर २००६ मध्ये अल जझीरावर बोलताना, अमेरिकेकडून इराकमध्ये उद्दामपणा आणि मूर्खपणा झाला, असे ते बोलून गेले. देशात निवडणूक तोंडावर होती. खात्याने आधी भाषांतरावरच शंका घेतली! मग फर्नांडिस यांनी जाहीर माफी मागितली: आपण बोलण्यात गंभीर चूक केली, ते शब्द आपल्या वा खात्याच्या मताचे नव्हेत. म्हणजे भाषांतर बरोबरच होते.

आम्ही पेशाने वकील. पक्षकाराने स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या कबुलीला न्यायालयात वजन असते, कारण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासाठी सहसा कोणी खोटे बोलत नाही. अमेरिकेच्या एवढ्या अरबी मुलाखतींत श्रोत्यांनी विश्वास ठेवावा असे वाक्य कोणते, असे विचारले तर आम्ही याच वाक्याकडे बोट दाखवू. नेमके तेच मागे घ्यावे लागले. फर्नांडिस यांची नोकरी मात्र टिकली. ते सुदानमध्ये दूतावासाचे प्रभारी झाले, २०१० मध्ये इक्वेटोरियल गिनीत राजदूत, आणि २०१७ ते २०२० या काळात अल हुर्रा ही अरबी वाहिनी चालवणाऱ्या अमेरिकी प्रसारण संस्थेचे प्रमुख. माफीनंतर सगळे सुरळीत!

दुसऱ्या हाला ऱ्हारित. परराष्ट्र सेवेत अठरा वर्षे काढलेल्या, दुबईच्या प्रादेशिक माध्यम केंद्रात अरबी प्रवक्त्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतर गाझावर बॉम्ब पडू लागले, आणि एप्रिल २०२४ अखेर तिथल्या आरोग्य मंत्रालयाने मृतांचा आकडा चौतीस हजारांच्या वर सांगितला. वॉशिंग्टनहून आलेले मुद्दे अरबी वाहिन्यांवर मांडण्यास ऱ्हारित यांनी नकार दिला. अशा बोलण्याने अमेरिकेविषयी चीड आणखी वाढेल, असे त्यांचे म्हणणे. अरब समाजमाध्यमांवर काय दिसते, काय बोलले जाते, कोणत्या मृत मुलांची छायाचित्रे फिरतात, याचे अहवाल त्या वरिष्ठांना पाठवत राहिल्या.

इथेच खरी गोम आहे. भाषा येणारा माणूस नुसता बोलत नाही, त्याला ऐकूही येते. इंग्रजीत मुद्दे लिहिणाऱ्या साहेबाला गाझातल्या आईचा आक्रोश भाषांतरातून, तोही कापून छाटून पोहोचतो. ऱ्हारित यांच्या कानी तो थेट पडत होता. राज्यसत्तेला त्यांची जीभ हवी होती, कान नको होते. वकिलाला पक्षकार पटला नाही तर न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र सोडता येते, पुढचा खटला घेता येतो. सरकारी प्रवक्त्याला पुढचा पक्षकार कुठला?

एप्रिल २०२४ मध्ये ऱ्हारित यांनी राजीनामा दिला. खात्याच्या प्रवक्त्याने पत्रकारांना सांगितले की, कर्मचाऱ्यांना मतभेद मांडण्यासाठी आत मार्ग उपलब्ध आहेत. तसा एक मार्ग व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, सुरू झाला आणि आजही आहे. त्यातून पाठवलेला कागद वरिष्ठांपर्यंत जातो. अल जझीराच्या श्रोत्यांपर्यंत मात्र तो जात नाही.