मारिओ खड्ड्यात का पडतो?

चाळिशी-पंचेचाळिशीतल्या मंडळींना सध्या जुन्या व्हिडिओ गेमची पुन्हा ओढ लागली आहे. टीव्हीला जोडायचा तो डबा, त्यात घालायची 'कॅसेट', ती चालली नाही की तिच्यात मारायची फुंकर, हे सगळे १९९०च्या दशकात अनेक मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुटीचा भाग होते. बहुतेकांकडे असायची ती मूळ जपानी यंत्राची नक्कल, पण खेळ तेच होते. आता ते तळहाताएवढ्या यंत्रात शेकड्याने मिळतात. हौसेने यंत्र आणले जाते, रविवारी मुलांना गोळा करून ते लावले जाते आणि पहिल्याच खड्ड्यात बाबा पडतात. दुसऱ्यांदाही पडतात. तिसऱ्यांदा मुले हसतात.

बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब तपासून झाल्यावर, उठता उठता, "डॉक्टर, हात पूर्वीसारखा चालत नाही, नसांचं काही नसेल ना?" असे विचारणारे भेटतात. थोडे खोदून विचारले तर शर्टाची बटणे नीट लागतात, सही तशीच येते, चहा सांडत नाही. हात 'चालत नाही' तो फक्त खेळात. माझे मत असे, की या उडीच्या प्रकरणात वयाचा दोष थोडासा असतो. बराचसा दोष उडीच्या घडणीचा आणि भिंतीवरच्या टीव्हीचा असतो.

आधी उडीच्या घडणीकडे पाहू. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बटण जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी उंच जाते, आणि हवेत असतानाही मारिओला पुढे-मागे वळवता येते. १९८६च्या 'कॅसलव्हेनिया'मधला चाबूकवाला सायमन बेलमाँट मात्र एकदा उडाला की उडाला. त्याच्या उडीची कमान ठरलेली. हवेत पश्चात्ताप करायला वाव नाही. शत्रूचा धक्का लागला तर तो मागे फेकला जातो, आणि मागे नेमका खड्डा असतो. 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'मधल्या चिलखती सरदाराचीही तीच कथा. खेळणारे मारिओच्या उडीला 'नैसर्गिक' म्हणतात आणि सायमनच्या उडीला 'लाकडी'.

गंमत अशी की भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उलटे आहे. तुम्ही-आम्ही खरी उडी मारतो तेव्हा पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा गुरुत्वमध्य कुठून कसा जाणार हे ठरून गेलेले असते. हातपाय कितीही झाडले तरी मार्ग बदलत नाही. म्हणजे खरी उडी सायमनची आहे, मारिओची निव्वळ थाप. मग थाप नैसर्गिक का वाटते?

कारण खऱ्या उडीत मेंदूकडे भरपूर माहिती असते. तळव्यांखाली जमीन किती घट्ट आहे, गुडघे किती वाकले, पोटऱ्यांनी किती जोर लावला, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय काय म्हणते, हे सगळे पाय सुटण्याआधीच पोहोचलेले असते. आपण गटार ओलांडतो ते न पडता, कारण हिशेब जमिनीवरच पुरा झालेला असतो. खेळात मात्र सगळे शरीर सोफ्यावर असते आणि उडी मारतो तो एकटा अंगठा. तो सांगू शकतो फक्त 'दाबले' किंवा 'सोडले'. स्नायूंकडून येणारी माहिती जवळजवळ शून्य, सगळी भिस्त डोळ्यांवर. अशा आंधळ्या उडीला हवेत दुरुस्ती करण्याची मुभा दिली, तर ती मेंदूला हवीहवीशी वाटणारच. मारिओच्या निर्मात्यांनी भौतिकशास्त्र मोडले, पण शरीरक्रियाशास्त्र बरोबर ओळखले, असे मला वाटते.

यात प्रतिक्रियेच्या वेगाचा भाग लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे. डोळ्यांनी पाहून बोट दाबायला निरोगी तरुणालाही सुमारे २०० ते २५० मिलीसेकंद लागतात. मूळ यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवते. पूर्ण वेगाने धावणारा मारिओ २०० मिलीसेकंदांत जवळपास दोन विटा पुढे गेलेला असतो. खड्ड्याची कड दिसल्यावर बटण दाबू म्हणाल, तर गेलात. कड येण्याआधीच अंगठ्याला हुकूम सुटावा लागतो. १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास फलंदाजापर्यंत पोहोचतो. चांगला फलंदाज चेंडूच्या मागे नजर नेत बसत नाही, टप्पा जिथे पडेल तिथे ती आधीच नेऊन ठेवतो. इथेही तेच, अंदाजाचे काम.

हा अंदाज बांधण्यात मोठा वाटा असतो मेंदूच्या मागच्या बाजूला, खाली असलेल्या लहान मेंदूचा. आम्ही रुग्णाला "स्वतःच्या नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला लावा" असे करायला सांगतो, ती याचीच परीक्षा असते. लहान मेंदू बिघडला तर बोट नेम चुकवते, पुढे निघून जाते. हा भाग प्रत्येक चुकीतून हिशेब दुरुस्त करत असतो. दूरचे-जवळचे एकत्र असलेला नवा चष्मा लावल्यावर पहिले काही दिवस जिना उतरताना पायऱ्या भलतीकडे वाटतात, आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांचे पाय सरावतात. पायऱ्या बदललेल्या नसतात. चुकीचे माप मेंदूने लक्षात ठेवलेले असते. चष्म्याचा नंबर रोज बदलला असता, तर मात्र जिना कधीच जमला नसता.

म्हणूनच सायमन बेलमाँटच्या उडीला मी खराब म्हणणार नाही. ती कडक आहे, पण रोज तीच आहे. वीस-पंचवीसदा पडल्यावर ती अंगठ्यात बसते, आणि मग तिच्यात एक वेगळाच ठामपणा जाणवतो. सगळ्याच जुन्या उड्यांची मी अशी वकिली करणार नाही. 'आइस क्लायंबर'मध्ये माणूस सरळ वर भरपूर उडतो, पण बाजूला जेमतेम सरकतो. शेजारच्या कडेवर जायचे म्हणजे डोळे एक सांगतात आणि बटण दुसरेच करते. तिथे चिडचिड झाली तर ती रास्त आहे. "आजची मुले लाडावली, आम्ही बघा कशी खेळायचो" हे तुणतुणे मात्र बंद व्हावे. आपणही तेव्हा पडतच होतो. फक्त सुटी दोन महिन्यांची होती.

आता टीव्हीकडे वळू, कारण बाबांचा खड्डा मला मुख्यतः तिथे दिसतो. जुन्या, मागे फुगीर डबा असलेल्या टीव्हीवर आलेला संकेत जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर उमटायचा. आजचा सपाट टीव्ही चित्र आधी स्वतःकडे घेतो, धारदार करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. या सोपस्कारांत अनेक संचांवर ५० ते १०० मिलीसेकंद जातात. बिनतारी रिमोट आणि जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर आपापली भर घालतात. १०० मिलीसेकंद म्हणजे सहा चित्रे, धावत्या मारिओसाठी जवळपास एक अख्खी वीट. तुम्हाला तो कडेच्या अलीकडे दिसतो तेव्हा यंत्राच्या लेखी तो खड्ड्यावर पोहोचलेला असतो. वयामुळे चाळिशी-पन्नाशीपर्यंत प्रतिक्रियेला होणारा उशीर सहसा यापेक्षा कमीच भरतो.

एवढासा उशीर मेंदूला खरोखर कळतो का? कळतो. आपल्याला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण स्पर्श कधी येणार हे मेंदूने आधीच जोखलेले असते. लंडनमधल्या सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक यंत्र मध्ये ठेवले: माणसाने एका हाताने दांडी हलवायची, आणि यंत्राने तीच हालचाल त्याच्या दुसऱ्या तळहातावर करायची. हालचाल आणि स्पर्श यांच्यात सेकंदाच्या काही दशांशांचे अंतर घातले, तसतशी स्वतःचीच गुदगुली जास्त जाणवू लागली. म्हणजे स्पर्श थोडा उशिरा आला की मेंदू त्याला परका मानू लागतो. "बटण दाबलं होतं, पण हा उडलाच नाही" या तक्रारीत मला तोच परकेपणा ऐकू येतो.

उशीर ठरावीक असेल तर माणूस त्याच्याशीही जुळवून घेतो. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांच्या चमूने न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग येथील रुग्णाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया रोबोटच्या साह्याने केली. हाताची हालचाल आणि पडद्यावर तिचे दिसणे यांत सरासरी १५५ मिलीसेकंदांचे अंतर होते, आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. पण शल्यचिकित्सक हात सावकाश हलवू शकतो. धावत्या मारिओला ती सवलत नाही, शिवाय बाबांच्या अंगठ्यात तीस वर्षांपूर्वीचे, बिनउशिराचे माप पक्के बसलेले आहे. ते नव्या मापाच्या आड येते. मुलाला असे कुठलेच जुने माप नाही, त्यामुळे तो लवकर शिकतो. त्यात त्याची हुशारी आणि तुमचे म्हातारपण शोधू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' नावाची सोय असते. ती सुरू केली की चित्रावरचे बरेच सोपस्कार टळतात आणि उशीर पुष्कळ कमी होतो. एवढे करून मग पुन्हा खेळून पाहा.

याचा अर्थ हातांची प्रत्येक तक्रार टीव्हीवर ढकलावी असा नाही. बटणे लावताना बोटे अडखळत असतील, अक्षर बारीक होत चालले असेल, चालताना तोल जात असेल, विश्रांतीत हात थरथरत असेल किंवा एका बाजूची ताकद अचानक कमी झाली असेल, तर डॉक्टर गाठा. शेवटच्या लक्षणासाठी त्याच तासाला. मारिओचे पडणे या यादीत बसत नाही.

बसते ते अंगठ्याचे दुखणे. या यंत्रांवर उजव्या अंगठ्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: टोकाने धावण्याचे बटण दाबून ठेवायचे आणि त्याच अंगठ्याचा मागचा भाग कलवून उडीचे बटण दाबायचे. अंगठा उचलणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या बाजूला एका अरुंद आवरणातून जातात. असे तासन्‌तास केले की ते आवरण सुजते. तान्ह्या बाळाला सारखे उचलणाऱ्या आयांमध्ये हेच दुखणे आम्ही नेहमी पाहतो. १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ३५ वर्षांच्या एका महिलेची नोंद छापून आली होती. सलग पाच तास खेळल्यावर तिच्या उजव्या अंगठ्यात जबर वेदना सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी त्या दुखण्याला 'निन्टेन्डिनायटिस' असे नाव दिले. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीव्र कळ आली, तर दोन-तीन आठवडे खेळ बंद ठेवा आणि तोवर थांबले नाही तर दाखवायला या.