हायड्रोजनचा हिशेब आणि अनुदानाची वही

हायड्रोजनचा घोष राजधानीला नवा नाही. २००३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ नेमले आणि २००६ मध्ये आराखडाही सिद्ध झाला. २०२० पर्यंत दहा लाख वाहने हायड्रोजनवर धावतील, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात २०२० उजाडले तेव्हा प्रायोगिक गाड्यांपलीकडे रस्त्यावर फारसे काही नव्हते.

या अपयशाचे खापर नोकरशाहीवर फोडणे सोपे आहे. पण ते अर्धेच खरे. पाण्याचे विद्युत-विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायचा तर पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैशांची होती, म्हणजे किलोमागे केवळ विजेचेच साडेपाचशे रुपये. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात हा दर १ रुपया ९९ पैशांवर आला. दरम्यान लिथियम बॅटऱ्याही याच वेगाने स्वस्त झाल्या आणि मोटारींचे क्षेत्र त्यांनी हायड्रोजनच्या हातून काढून घेतले.

म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, तेव्हा मुख्य भर वाहनांवर नव्हता. तो तेलशुद्धीकरण, खते आणि पोलाद यांवर होता. ही निवड शहाणपणाची होती. मात्र २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांच्या उद्दिष्टाविषयी तसे म्हणवत नाही. सूर्य दिवसाच तळपतो आणि महागडा इलेक्ट्रोलायझर रात्री रिकामा ठेवणे परवडत नाही. पवनऊर्जा, साठवण आणि वहन यांचा खर्च मिळवला की दोन रुपयांची वीज दोन रुपयांची राहत नाही. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत प्रकल्पासाठी किलोला ३९७ रुपये दर निघाला, तो नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या हायड्रोजनच्या जवळपास दुप्पट.

अमोनियाची कथा वेगळी आहे. युरिया बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो वायूपासूनच येतो. त्यामुळे हरित अमोनियाला खरी जागा आहे ती डीएपीसारखी खते बनवणाऱ्या, आयात अमोनियावर चालणाऱ्या कारखान्यांत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वायू भडकला, त्याच आर्थिक वर्षात खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेले. २०२५ च्या लिलावात पारादीपच्या कारखान्यासाठी किलोला ५५ रुपये ७५ पैसे दर आला. आयातीच्या भावाशी आता त्याची तुलना तरी करता येते.

खरी अडचण यापुढे आहे. हे करार दहा वर्षांचे आणि ठरलेल्या दराचे आहेत. उत्पादकाला मिळणारे प्रोत्साहन मात्र तीनच वर्षांचे, तेही दरवर्षी घटणारे. डीएपीचे अनुदान २०१० पासून पोषणद्रव्यांच्या प्रमाणात ठरते, कारखान्याच्या प्रत्यक्ष खर्चानुसार नव्हे. जागतिक बाजारात वायू उतरला आणि आयात अमोनिया स्वस्त झाला, तर महाग हरित अमोनियाचा फरक कोणाच्या माथी बसणार? कारखाना तो सोसणार नाही, शेतकऱ्यावर टाकण्याची राजकीय छाती कोणत्याही सरकारला नाही. उरतो तो अर्थ खात्याचा. पुरवठा सुरू होण्याआधीच खत आणि अर्थ खात्यांनी हे लेखी ठरवून घ्यावयास हवे.