लिलावातले पान आणि हमीची मुदत

पैठण तालुक्यातील पाचोडच्या मोसंबी बाजारात ढिगासमोर उभा राहणारा व्यापारी फळ दाबून पाहतो, वाटल्यास कापूनही पाहतो आणि मगच बोली लावतो. परंतु मुंबईच्या किंवा लंडनच्या लिलावात शतकापूर्वीचे म्हणून मांडलेले चित्र ज्याला घ्यावयाचे असते, त्याची सारी भिस्त लिलावगृहाने छापलेल्या वर्णनावर असते, आणि त्या वर्णनाची जबाबदारी कोणी व किती काळ पत्करली आहे, हे अटींच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते.

हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. आमच्या पैठण तालुक्याचे नाव धारण करणारी चित्रकथींची चित्रे आज संग्राहकांच्या व्यवहारात आहेत. गावोगाव हिंडणारे हे कथेकरी रामायण-महाभारतातील आख्याने गाताना एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरीत. पाठीला पाठ लावून चिकटविलेल्या दोन चित्रांचे पान उलटले की कथा पुढे सरके, आणि एका आख्यानाच्या अशा पानांची पोथी बनत असे. पडदा व प्रक्षेपक येण्यापूर्वीचा हा आमचा चलच्चित्रपटच म्हणावयास हरकत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रे जपलेली आहेत. परंतु संग्रहालयाबाहेर जी पोथी व्यापाऱ्याच्या हाती पडते ती फोडून पान पान विकण्यात अधिक नफा असतो, आणि पोथी फुटली की पानाचा क्रम, सोबतच्या पानांचा हात व कागद, म्हणजे त्याच्या अस्सलपणाचा निम्मा पुरावा नाहीसा होतो.

अमेरिकेतील व्यंगपटांच्या पारदर्शक पत्र्यांचीही गत काही निराळी झाली नाही. ‘सेल’ नावाने ओळखले जाणारे हे हाताने रंगविलेले पत्रे डिस्नेच्या वतीने 1938 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चित्रदालनाने विकावयास घेतले. त्यांच्या कोपऱ्यातील आकडा चित्रमालिकेतील जागा सांगतो. पुढे कॅमेऱ्यासमोर कधीच न गेलेल्या, केवळ विक्रीसाठी छापलेल्या प्रतीही बाजारात आल्या, आणि 1989 च्या ‘द लिटल मर्मेड’नंतर डिस्नेच्या चित्रपटांतील हे हातकाम संगणकाकडे गेल्यावर जुन्या पत्र्यांचे मोल वाढून फसवणुकीचा मोहही वाढला.

लिलावगृहे हमी देतात, हे खरे. क्रिस्टीजची हमी विक्रीपासून पाच वर्षांची असते. परंतु ती मूळ खरेदीदारापुरती आणि वर्णनातील ठळक शीर्षकापुरती, आणि विक्रीच्या वेळी विद्वानांचे सर्वसंमत मत तेच होते असे ठरल्यास पुढे मत बदलले तरी ती लागू होत नाही. आपल्याकडे 1930 च्या मालविक्री अधिनियमानुसार हातोडा पडताच विक्री पुरी होते; नंतरचा सारा कज्जा अटींच्या कागदावर चालावयाचा.

जानेवारी 2009 मध्ये चित्रकार सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनास गेले असता भिंतीवरची चित्रे बनावट असल्याचे त्यांनी ओळखले. ती चित्रे ओळखावयास चित्रकार हयात होता, ही दैवाची कृपा! पैठणच्या पानावर स्वाक्षरी नाही, चित्रकाराचे नाव ठाऊक नाही. तेथे साक्ष द्यावयाची ती दस्तऐवजांनीच. कोकणातील पिंगुळीत आजही चित्रकथी रंगविली जाते, आणि तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली; तेथील नव्या चित्रांना उजळ माथ्याने नवीन म्हणण्यात कमीपणा नाही. दोष आहे तो नव्या कागदाला धूर देऊन त्यावर शतकाचे वय चढविणाऱ्या मधल्या हाताचा.

तज्ज्ञाच्या दाखल्याला मी मान देतो, पण दाखला देणाऱ्यावर पैसे परत करण्याचे दायित्व नसेल तर तो अभिप्रायापलीकडे जात नाही. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या चित्रांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला असे चित्र देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून ‘शंभर वर्षांचे’ असे सांगणाऱ्या व्यापाऱ्याजवळ परवाना व पूर्वीच्या मालकांची मालिका नसेल, तर त्याचे सांगणे किंवा त्याचा व्यवहार संशयास्पद मानला पाहिजे. खरेदीदाराने हे कागद, पोथीतील पानाची जागा, आणि चित्र बनावट ठरल्यास रक्कम किती वर्षांपर्यंत परत मिळेल याचा लेखी तपशील बोलीपूर्वीच मागून घ्यावा, आणि तो देण्यास लिलावगृह कचरत असेल तर बोली न लावता परत यावे.