श्वास मोजा, मग जाब विचारा!



1918 साली मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ आली. हजारी किती मेले याची सरकारनेच नोंद केली. गोरे साहेब 8.3. सवर्ण हिंदू 18.9. आणि ज्यांना त्या कागदावर 'खालच्या जातीचे' म्हटलं ते आमचे आजे-पणजे? 61.6! जंतूला जात कळत नव्हती. पण कोंदट खोली, रिकामं पोट आणि न येणारा डॉक्टर यांना जात बरोबर कळत होती.

आज काय चाललंय? वस्तीत पोरगं तापानं फणफणलं की कुणी म्हणतं, दृष्ट लागली, अंगारा लावा. गल्लीतला बोगस डॉक्टर सुई टोचून पैसे उपटतो. बाप म्हणतो, रोज बुडेल, उद्या बघू. आणि पोरगी असली तर 'उद्या' आणखी लांबतो. हे आपलंच पाप आहे, बामणावर ढकलू नका.

बहुतेक पोरांचा फ्लू आठवड्याभरात उतरतो. प्रत्येक शिंकेला धावायचं कारण नाही. पाणी पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, झोपू द्या. अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नका, फ्लूत ती पोरांच्या मेंदूवर आणि लिव्हरवर उलटू शकते. धोका ओळखायला एम.बी.बी.एस. लागत नाही. घड्याळ लागतं, डोळे लागतात.

पोर शांत असताना कुडतं वर करा. पुरतं एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ 60, वर्षाच्या आतलं 50, पाच वर्षांच्या आतलं 40. एवढे किंवा यापेक्षा जास्त भरले तर उठा! श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, ओठ निळे पडतात, उठा! पीत नाही, प्यालेलं सगळं ओकतं, आठ तास लघवी नाही, झटके येतात, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, उठा! तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी सकाळची वाट बघू नका. ताप उतरून पुन्हा चढला, खोकला वाढला, तर 'बरं झालं होतं की' म्हणत बसू नका. दमेकरी पोराला तर पहिल्याच दिवशी दाखवा. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत जास्त लागू पडतं.

108 फिरवा. गाडीला पैसे पडत नाहीत.

दवाखान्याच्या दारात 'जागा नाही, उद्या या' म्हणाले तर हात जोडू नका. सरकारी इस्पितळानं वेळेवर उपचार नाकारणं हा घटनेच्या कलम 21 चा भंग आहे, असं सुप्रीम कोर्टानं 1996 साली सांगितलंय. घटना कुणी लिहिली ते त्यांना सांगा. चार पोरं सोबत न्या. माय एकटी गेली की तिला हाकलतात, वस्ती गेली की खुर्ची सरकते.

1918 ला आमची मढी त्यांनी मोजली. आता आमच्या पोरांचे श्वास आम्ही मोजणार.

जयभीम!