हल्ला आणि हेलपाटे



या वर्षी वस्तीतल्या बायकांसोबत पाहिलेल्या चित्रपटांपैकी दोन आपल्या नागपूरचे. '२०० हल्ला हो' (२०२१) कस्तुरबा नगरच्या बायकांच्या कहाणीवर आधारलेला. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव नागपुरात न्यायालयातच मारला गेला. २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. चित्रपट संपल्यावर मी हल्ल्याबद्दल विचारलं. बायका बोलल्या ते त्याआधीच्या वर्षांबद्दल: तेव्हाच तक्रार ऐकली असती तर?

'झुंड'मधली (२०२२) मोनिका पासपोर्टच्या कागदांसाठी वडिलांसोबत वणवण करते. ते पाहून प्रत्येकीला आपले हेलपाटे आठवले: रेशनकार्ड, जातीचा दाखला.

हल्ला एखादाच, हेलपाटे रोजचे. आपलं काम तिथूनच सुरू होतं. म्हणून चित्रपट दाखवाल तेव्हा नंतरचा तास बोलण्यासाठी राखून ठेवा.